हंगामाचा भाजीपाला, बुधवारचा बाजार आणि शनिवारची मजुरी

नाशिक जिल्ह्यातून रोज संध्याकाळी भाजीपाल्याच्या गाड्या मुंबईकडे निघतात. मुंबईची परसबाग अशी या जिल्ह्याची ओळख आहे. असे असूनही जुन्या नाशकातील आमचे कारागीर बांधव, दुकानांतील नोकर माणसे आणि लहान व्यापारी भाजी घेताना महागाईच्या नावाने बोटे मोडतात. महागाई आहेच, ती आम्ही नाकारत नाही. परंतु घरखर्चातील बराच पैसा भलत्या दिवशी, भलत्या वेळी आणि माप न समजता केलेल्या खरेदीत जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्ही कापडाचे व्यापारी, भाजीपाला हा आमचा धंदा नाही. पण भाव कसा बनतो हे पाहण्याची सवय धंद्याने लावली आहे, आणि त्या नजरेने या बाजाराकडे पाहिले की काही गोष्टी उघड दिसतात.

पहिली गोष्ट मालाच्या आयुष्याची. कापडाचे ठाण या ईदला गेले नाही तर पुढच्या ईदला जाते, फार झाले तर कटपीसमध्ये काढावे लागते. कोथिंबिरीला दुसरा दिवस नसतो. सकाळी टवटवीत असलेली जुडी दुपारच्या उन्हात मान टाकते आणि संध्याकाळी तिचे दाम कोणी विचारत नाही. नाशवंत मालाचा भाव हा त्या मालाच्या उरलेल्या तासांचा भाव असतो. ज्याने हे ध्यानात ठेवले त्याला अर्धा बाजार समजला.

भाव कोठे ठरतो?

नाशिक बाजार समितीच्या पंचवटीतील आवारात, दिंडोरी रस्त्यावर, दुपारनंतर भाजीपाल्याची आवक होते आणि लिलाव चालतात. फळे आणि कांदा-बटाटा यांचे आवार पेठ रस्त्याला आहे. शेतकरी माल आडत्याकडे उतरवतो, व्यापारी बोली लावतात, चांगला माल गाडीत भरून मुंबईला जातो, आणि शहरातले किरकोळ विक्रेते आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलतात. तोच माल दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या मोहल्ल्याच्या हातगाडीवर येतो. म्हणजे गल्लीत सकाळी जो भाव आपण ऐकतो तो आदल्या संध्याकाळी ठरलेला असतो. मुंबईची मागणी वाढली की नाशिकच्या गल्लीत भाव चढतो, आणि पावसाने घाट बंद पडला, गाड्या अडकल्या की त्याच गल्लीत मेथी स्वस्त होते.

वर्तमानपत्रात बाजारभाव रोज छापून येतात, परंतु ते वाचायचे कसे हे आमच्या पुष्कळ बांधवांना ठाऊक नसते. यात तीन निरनिराळी मापे आहेत. कांद्याचा भाव क्विंटलचा असतो. लासलगावला कांदा १५०० रुपये निघाला याचा अर्थ किलोला १५ रुपये, शंभराने भागले की झाले. टोमॅटोचा भाव पुष्कळदा जाळीचा असतो आणि जाळी २० किलोची धरतात, म्हणून ३०० रुपये जाळी म्हणजे १५ रुपये किलो. मेथी, कोथिंबीर, शेपू, कांदापात यांचा भाव शेकड्याचा, म्हणजे शंभर जुड्यांचा. येथे एक खुबी आहे. लिलावातली जुडी मोठी असते. किरकोळ विक्रेता ती सोडून तिच्या दोन, कधी तीन जुड्या बांधतो. तेव्हा लिलावात १० रुपयांना गेलेली जुडी आणि हातगाडीवर १० रुपयांना मिळणारी जुडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पालेभाजी घेताना जुडीचा भाव विचारण्यापेक्षा जुडी हातात घेऊन तिचे वजन अजमावावे, हे उत्तम.

आता किरकोळ विक्रेत्याचा हिशेबही पाहू, कारण सगळा राग त्याच्यावर निघतो. समजा त्याने २०० रुपयांना टोमॅटोची एक जाळी घेतली. आडत, हमाली आणि रिक्षाभाडे धरून ती गाडीवर येईपर्यंत २४० रुपयांची झाली. वीस किलोंतले १५ किलो त्याने २० रुपयांनी विकले, ३०० रुपये आले. संध्याकाळी ३ किलो नरम माल १० रुपयांनी काढला, ३० रुपये आले. २ किलो दबून, फुटून फेकून द्यावे लागले. हातात ९० रुपये उरले, आणि त्यासाठी तो दिवसभर उन्हात उभा होता. लिलावात १० रुपये किलो असलेला टोमॅटो २० रुपयांना विकला म्हणून तो दुप्पट नफा खातो, हे म्हणणे बरोबर नाही. सडलेल्या मालाची किंमत चांगल्या मालावर चढते, एवढेच. आम्हीही फाटक्या ताग्याचे नुकसान चांगल्या ताग्यावर चढवतोच की!

याच हिशेबातून गिऱ्हाइकाचा मार्गही निघतो. हातगाडी, रिक्षाभाडे आणि सड यांचा खर्च वाचवायचा असेल तर जिथे शेतकरी स्वतः माल घेऊन बसतो तिथे आपण चालत जावे.

शेतकऱ्याचा स्वतःचा बाजार

शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकावे ही कल्पना देशात जुनी आहे. पंजाबात १९८७ साली ‘अपनी मंडी’ सुरू झाली. आंध्र प्रदेशात १९९९ च्या जानेवारीत ‘रयतू बाजार’ आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तामिळनाडूत मदुराईला ‘उळवर संदै’ उघडली. महाराष्ट्रात बाजार समितीचा कायदा १९६३ चा. २०१६ साली सरकारने फळे-भाजीपाला समित्यांच्या नियमनातून काढला, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले, आणि त्याच वर्षी पणन मंडळामार्फत संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू करण्यात आले. व्यापाऱ्यांनी त्या वेळी संपही केला होता. कायद्याने वाट मोकळी केली, पण शेतात राबणारा माणूस रोज शहरात येऊन बसू शकत नाही, म्हणून आडत्याचे महत्त्व आजही कायम आहे. २०२० च्या टाळेबंदीत मात्र ही वाट खरोखर वापरली गेली. व्यापारी द्राक्षे उचलेनात तेव्हा बागायतदारांनी टेम्पो भरून शहरातल्या वसाहतींत स्वतः द्राक्षे विकली, आणि उरलेल्यांचे बेदाणे केले.

नाशिकला यासाठी नव्या योजनेची फारशी गरजही नव्हती. गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, बुधवारचा आठवडे बाजार पिढ्यान्‌पिढ्या भरतो आहे. भद्रकालीतून तो पायी गाठता येतो. आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, पेठ-त्र्यंबककडच्या आदिवासी बाया आणि शहरातले नेहमीचे विक्रेते, असे सगळेच तेथे बसतात. त्यातला शेतकरी ओळखणे सोपे आहे. त्याच्यापुढे एक, दोन, फार तर तीन प्रकारचा माल असतो, लहानमोठा मिसळलेला असतो आणि मुळांना माती असते. ज्याच्यापुढे पंधरा भाज्या, इंदूरचा बटाटा आणि एकाच आकाराची शिमला मिरची रांगेत रचलेली आहे तो व्यापारी. व्यापारी असणे हा गुन्हा नाही, परंतु त्याचा भाव लिलावावरून आला आहे, हे आपल्याला माहीत असावे.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या बहुतेक कारखान्यांत, शिवणकामाच्या दुकानांत आणि कापडाच्या पेढ्यांवर आठवड्याचा पगार शनिवारी संध्याकाळी होतो. पैसा हातात येतो शनिवारी, आणि स्वस्त बाजार भरतो बुधवारी. रविवारी सकाळी सारे शहर पिशव्या घेऊन बाहेर पडते, सगळ्यांच्या खिशात ताजा पैसा असतो, आणि विक्रेत्यालाही ते ठाऊक असते. बुधवार येईपर्यंत कारागिराचा खिसा रिकामा होतो. मग तो गल्लीतल्या दुकानातून उधारीवर पाव-पाव किलो भाजी नेतो, आणि उधारीत भावावर बोलता येत नाही. मालेगावात यंत्रमागांना शुक्रवारची सुटी असते, तिथला माणूस जुम्म्याच्या हिशेबाने आठवडा बांधतो. नाशकात मात्र मजुरीचा दिवस आणि बाजाराचा दिवस यांची भेटच होत नाही.

यावर उपाय मालकाच्या हातात आहे आणि त्याला दमडीही खर्च येत नाही. गेली काही वर्षे आम्ही आमच्या दुकानातील माणसांना आठवड्याच्या मजुरीचा एक भाग मंगळवारी संध्याकाळी आणि उरलेला शनिवारी देतो. ही उचल नव्हे, केलेल्या कामाचीच मजुरी असते. बुधवारी माणसांना पाळीपाळीने तासभर लवकर सोडतो. सुरुवातीला हिशेबनीस कुरकुरला, कारण वहीत दोनदा लिहावे लागते. पण आता मधल्या दिवसांत उचल मागायला येणारे कमी झाले आहेत. आमच्या व्यापारी बांधवांनी हे एक महिना करून पाहावे.

वेळेबद्दलही दोन शब्द. सकाळी माल निवडून मिळतो, भाव चढा असतो. दिवे लागायच्या सुमारास बाजार उतरतो, कारण शेतकऱ्याला शेवटची गाडी गाठायची असते आणि उरलेला माल परत नेणे परवडत नाही. पालेभाजी आणि त्याच रात्री शिजवायचा माल संध्याकाळी घ्यावा. टोमॅटो, फळे, काकडी यांसारखा दोन-तीन दिवस ठेवायचा माल सकाळी निवडून घ्यावा. उतरत्या बाजारात भाव करायला हरकत नाही. पण गाडी सुटायच्या घाईत असलेल्या म्हातारीची वीस रुपयांची मेथी पाच रुपयांना मागणे याला आम्ही व्यापार म्हणत नाही. तिला एसटीचे भाडे तरी सुटले पाहिजे.

या ठिकाणी आमच्या बागवान बांधवांसाठी एक गोष्ट. मदिनेच्या बाजाराबाबत प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी जे नियम घालून दिले त्यांत दोन थेट या धंद्याला लागू पडतात. बाहेरून माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला गावाबाहेर गाठून, त्याला बाजारभाव कळण्याआधीच माल विकत घेणे मना आहे. तसेच झाडावरचे फळ तयार होण्याच्या लक्षणाला येण्यापूर्वी त्याचा सौदा करणे मना आहे. आज शिवार खरेदीत शेतकऱ्याला लिलावाचा खरा आकडा न सांगता बांधावर भाव पाडला जातो, आणि आंबा-चिंचेची झाडे मोहोरावरच उक्ती घेतली जातात. मग गारपीट झाली की भांडणे होतात. शिवार खरेदी सगळी वाईट आहे असे नाही. त्या दिवसाचा लिलावाचा भाव समोरच्याला सांगून सौदा केला आणि पैसे जागेवर दिले, तर तिच्यात शेतकऱ्याचे भाडे आणि हमाली वाचते.

कोणत्या महिन्यात काय?

सर्वांत जास्त पैसा कांद्यात वाचतो, म्हणून त्याच्यावर थोडे सविस्तर लिहितो. नाशकात कांदा दोन जातींचा समजावा. पावसाळी लागवडीचा लाल कांदा दिवाळीच्या आसपास बाजारात येऊ लागतो आणि थंडीभर चालतो. तो रसरशीत असतो पण टिकत नाही, तेव्हा आठवड्यापुरताच घ्यावा. मार्च ते मे या काळात निघतो तो उन्हाळ कांदा. शेतकरी हाच चाळीत साठवतो आणि दिवाळीपर्यंत विकतो. साठवायचा असेल तर हाच. समजा एका घराला महिन्याला १२ किलो कांदा लागतो. जून ते ऑक्टोबर पाच महिन्यांचे ६० किलो झाले. सड आणि घट धरून ७० किलो घेतला आणि मे महिन्यात भाव १५ रुपये असला, तर १०५० रुपये लागले. तोच कांदा दर आठवड्याला सरासरी ३० रुपयांनी घेतला, तर १८०० रुपये जातात. एवढी रक्कम एकदम काढणे कारागिराला जड जाते, म्हणून चार घरांनी मिळून गोण्या घ्याव्यात.

घेताना मान बारीक आणि सुकलेली पाहावी, वरची पत्ती दुहेरी असावी, कोंब नसावा, ओल नसावी. मध्यम आकार टिकाऊ असतो. लहान कांद्याला येथे गोल्टी म्हणतात, तो स्वस्त मिळतो आणि बिर्याणीच्या तळलेल्या कांद्याला सोलायला कंटाळवाणा असला तरी रोजच्या फोडणीला काही वाईट नाही. घरी आणल्यावर गोणी सोडून कांदा पसरावा, हवा लागू द्यावी, बटाट्याशेजारी ठेवू नये, आठवड्याला एकदा चाळून खराब झालेला काढावा.

साठा घरापुरताच करावा. भाव वाढेल म्हणून कांद्यात पैसा गुंतवण्याचा मोह कापडवाल्यांनाही होतो, त्यांना सावध करणे आमचे कर्तव्य आहे. कांद्याचा भाव दिल्लीच्या एका आदेशाने फिरतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली आणि ऐन लाल कांद्याच्या हंगामात भाव कोसळला. बंदी ४ मे २०२४ ला उठली, आणि निर्यातशुल्क पूर्णपणे १ एप्रिल २०२५ पासून गेले. शेतकरी त्यात भरडला गेला. ज्यांचा हा धंदा नाही त्यांनी त्यात उडी घेण्याचे कारण नाही.

टोमॅटोचा मौसम ऑगस्टअखेर ते डिसेंबर. पिंपळगाव बसवंत आणि गिरणाऱ्याला तेव्हा जाळ्यांचे डोंगर लागतात. थंडीत मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा, गाजर. उन्हाळ्यात पालेभाजी महाग होणारच, तेव्हा घरातल्या बायांनी थंडीत मेथी सुकवून ठेवावी, ही जुनी रीत चांगली आहे. आंब्याबाबत एवढेच, की कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवणे कायद्याने बंद आहे. बाहेरून एकसारखा पिवळाधमक आणि आत कडक-पांढरा आंबा दिसला की घेऊ नये. पेठ-सुरगाण्याकडचा आंबा उशिरा, मे संपता संपता येतो.

द्राक्षांचा मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल. सटाण्याकडची आगाप द्राक्षे त्याआधी येतात, पण ती महाग. निर्यातीला घड एका आकाराचे लागतात, त्यामुळे उरलेला माल आणि सुटे मणी शहरात फार स्वस्त विकले जातात. चवीत त्यांचे काही उणे नसते. मण्यावरची पांढुरकी लव नैसर्गिक असते; निळसर डाग औषधाचे असू शकतात. काहीही असो, वाहत्या पाण्यात तीन-चार वेळा धुऊनच खावीत.

येथे रमजानचा विचार येतो. आपला महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून इफ्तारीच्या फळांचा मौसमही बदलतो. २०१६ साली रमजान जूनमध्ये सुरू झाला तेव्हा आंबा आणि जांभूळ होते. २०२५ साली तो मार्चमध्ये आला आणि नाशिकची द्राक्षे ऐन भरात होती. २०३० साली जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या अखेरीस दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. तेव्हा पेरू, बोरे आणि संत्री यांचे दिवस असतील. तरीही आमच्या दस्तरखानावर दरवर्षी तीच कलिंगड-खरबूज-केळी हवीत असा हट्ट असतो, आणि मौसम नसलेल्या फळाला मागेल तो भाव द्यावा लागतो. खजूर तेवढा बारमाही, बाकी फळ ज्या त्या महिन्याचे घ्यावे. जकातीच्या रकमेतून किंवा सदक्यातून इफ्तारीची सोय करणाऱ्यांनी तर पहिला रोजा येण्याआधी एखाद्या बागायतदाराशीच बोलून ठेवावे.

वजनाचे एक सांगायचे राहिले. वैधमापन कायद्याप्रमाणे लोखंडी वजने आणि साधा तराजू यांची तपासणी दोन वर्षांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी करून घ्यावी लागते. आमच्या मीटरपट्टीलाही तोच दोन वर्षांचा नियम आहे, म्हणून आम्हाला हे माहीत. काट्यावर शिक्का आहे का, आणि रिकाम्या पारड्यावर शून्य दिसते का, हे पाहायला लाज वाटू नये. खेड्यातून आलेली बाई पुष्कळदा वाट्याने विकते. वाटा म्हणजे नजरेचे माप, तिथे वजनाचा वाद घालण्यात अर्थ नाही, शेजारचा वाटा पाहून घ्यावा.

पावसाळ्याचे पहिले दोन महिने इतर भाजी महाग असते, पण बुधवारच्या बाजारात रानभाज्या येतात. करटोली, शेवळं, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोवळे कोंब. आमच्या मोहल्ल्यात या भाज्या फारशा शिजत नाहीत, याचे कारण कोणी शिकवले नाही एवढेच. करटोली कारल्यासारखी कडू नसतात आणि मटणाच्या रश्शात चांगली लागतात. शेवळं मात्र घशाला खाजतात, ती आंबट घालून कशी शिजवायची हे विकणाऱ्या बाईलाच विचारावे, ती आनंदाने सांगते. याच दिवसांत गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदावरी घाटावर चढते. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागल्याची बातमी आली, की त्या बुधवारी खाली घाटावर जाऊ नये. विक्रेते वर जागा मिळेल तिथे बसतात, त्यांना तिकडे शोधावे.